पाच टक्क्यांची हमी आणि बोरघाट
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सरकारी कामात खासगी भांडवल आणण्याची कल्पना आपल्याकडे १९९१ नंतरच्या उदारीकरणातून आली, असा सर्वसाधारण समज आहे. रस्ते, बंदरे, विमानतळ, वीज या क्षेत्रांत खासगी कंपन्या आल्या त्या याच काळात, हे खरे. परंतु सरकारने जमीन द्यायची, कंपनीने पैसा आणायचा, नफा झाला तर अमुक वाटणी आणि तोटा झाला तर तमुक, अशा स्वरूपाचा भागीदारीचा करार या देशात दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी झाला आहे. त्याची तारीख १७ ऑगस्ट १८४९. करार करणारे दोन पक्ष म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी. या दुसऱ्या कंपनीला आपले आजोबा-पणजोबा जी.आय.पी. म्हणत. आजच्या मध्य रेल्वेचे हे पूर्वरूप.

जी.आय.पी.ची पहिली गाडी आपल्या सर्वांना पाठ आहे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे, तोफांची सलामी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने. शाळेच्या पुस्तकात हे असतेच. ज्या करारामुळे ही गाडी धावली त्याबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. माझ्या मते तो करार गाडीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण त्या गाडीचे भाडे आपण नेमके किती दिले हे त्यातूनच कळते.

त्या वेळची परिस्थिती अशी होती. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. तो त्यांना अमेरिकेतून मिळत असे. पण एकाच देशावर अवलंबून राहणे धोक्याचे, हे त्यांना कळत होते. वऱ्हाड-खानदेशातला कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरून मुंबईला यायचा. वाटेत पावसाने भिजायचा, धुळीने माखायचा, आणि वेळ किती लागेल याचा भरवसा नसायचा. मुंबईच्या व्यापाऱ्यांनाही रेल्वे हवी होती. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई यांनी १८४५ च्या सुमारास या खटपटीत पुढाकार घेतला होता. हवी सगळ्यांनाच होती. प्रश्न पैशाचा होता. विलायतेत नुकताच रेल्वेच्या शेअरचा मोठा फुगा फुटला होता. हजारो मैल दूरच्या, न पाहिलेल्या देशात, न पाहिलेल्या डोंगरांतून जाणाऱ्या रेल्वेत पैसे घालायला लंडनचा गुंतवणूकदार राजी नव्हता. तेव्हा सरकारने त्याला हमी दिली.

करारातली कलमे साध्या भाषेत सांगतो. पहिला टप्पा प्रयोगादाखल. त्यासाठी कंपनीने पाच लाख पौंड उभे करायचे. जमीन सरकार फुकट देणार, तीही ९९ वर्षांसाठी. कंपनीच्या भांडवलावर सरकार दर साल पाच टक्के व्याजाची हमी घेणार. रेल्वेने तेवढे कमावले नाही तर उरलेली रक्कम सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या शेतसाऱ्यातून आणि मिठाच्या करातून दिली जाणार. पाच टक्क्यांहून जास्त नफा झाला तर जादा नफ्याचा अर्धा भाग, सरकारने आधी भरलेले व्याज फेडण्याकडे जाणार आणि अर्धा भागधारकांना मिळणार. आणखी एक कलम फार बोलके आहे. धंदा परवडत नाही असे वाटले तर कंपनीने सहा महिन्यांची नोटीस द्यायची आणि रेल्वे सरकारच्या हवाली करायची. सरकारने तिला सगळे भांडवल परत द्यायचे.

त्या काळी विलायती सरकारी रोख्यांवर तीन-सव्वातीन टक्के व्याज मिळत असे, हे लक्षात घेतले म्हणजे पाच टक्क्यांचा अर्थ कळेल. सरकारी रोख्याइतकीच सुरक्षितता आणि व्याज मात्र दीडपट. इंग्लंडमधल्या विधवा, पेन्शनर, पाद्री, पेढीवाले अशा सगळ्यांनी हे शेअर घेतले. १८७५ पर्यंत अशा हमीच्या रेल्वेंमध्ये साडेनऊ कोटी पौंडांच्या आसपास भांडवल आले. एका देशातून दुसऱ्या देशात एका कामासाठी एवढा पैसा जाणे ही त्या शतकातली मोठी घटना होती. १८६८ च्या अखेरीस भागधारकांची संख्या पन्नास हजारांच्या घरात होती आणि त्यांत हिंदी माणसे चारशेही नव्हती.

आता बोरघाटाकडे येऊ. कल्याणहून पुण्याकडे जायचे तर सह्याद्री चढायलाच हवा. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने वर्षानुवर्षे पाहणी करून मार्ग आखला. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या अंतरात १८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानी पूल. चढ इतका अवघड की मध्येच गाडीची दिशा उलटवण्यासाठी एक स्थानक करावे लागले. तिथे इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडत. काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले आणि १८६३ मध्ये संपले. ऐन भरात, १८६१ साली, तिथे बेचाळीस हजार माणसे राबत होती. पायथ्याशी, कपारीत, गवताच्या झोपड्यांत एक शहरच वसले होते म्हणा ना. पटकी आणि तापाने त्यांत किती मेले याचे वेगवेगळे आकडे सांगितले जातात. पावसाळ्यात काम थांबे, माणसे पांगत, आणि पाऊस संपला की पुन्हा जमवावी लागत.

या कामाची रचना पाहण्यासारखी आहे. सरकारने कंपनीला हमी दिली. कंपनीने फॅव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराला काम दिले. त्याने पोटकंत्राटदार नेमले, त्यांनी मुकादम धरले, आणि मुकादमांनी गावोगावची माणसे आणली. वरच्या टोकाला पाच टक्के ठरल्या दिवशी पोचत होते. खालच्या टोकाला मजुरी महिनोन्‌महिने अडकत होती. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला. मजुरांनी युरोपियन देखरेखवाल्यांवर हल्ला केला, चौकशी झाली, आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट सोडले नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांना हाताशी धरून तिने काम पुरे करवले. घाटाच्या इतिहासात या बाईचे नाव अधिक ठळकपणे यायला हवे, पण तो वेगळा विषय झाला.

घाट पुरा झाला आणि चार वर्षांत, १८६७ मध्ये, त्यातला एक मोठा कमानी पूल कोसळला. दगडी बांधकाम कच्चे निघाले. कंपनीच्या इतर पुलांचीही तपासणी करावी लागली आणि बरेचसे बांधकाम दुरुस्त करावे लागले. इथे कराराची गंमत, गंमत कसली, दुखणे, समोर येते. दुरुस्तीला लागलेला पैसा पुन्हा भांडवलात धरला तर त्यावरही पाच टक्के. काम एकदा चांगले केले काय किंवा दोनदा केले काय, भागधारकाच्या उत्पन्नात फरक पडत नव्हता. डलहौसीच्या काळात मैलामागे आठ हजार पौंड लागतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात हमीच्या रेल्वेंना सरासरी अठरा हजारांच्या आसपास खर्च आला. घाट, नद्या, १८५७ चा उठाव, विलायतेहून येणारे रूळ आणि इंजिने, ही कारणे होतीच. परंतु हात आखडता घेण्याचे कारण कोणालाच नव्हते, हेही तितकेच खरे.

हे मी आज म्हणतो असे नाही. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थखाते सांभाळलेले विल्यम मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले की, हिंदुस्थानच्या महसुलातून पाच टक्के मिळण्याची खात्री असल्यावर इंग्रज भांडवलदाराला आपला पैसा हुगळी नदीत फेकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, सारखेच होते. आपल्याकडे यालाच हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. सरकारने देखरेखीसाठी स्वतःचे सल्लागार अभियंते नेमले होते, प्रत्येक मोठ्या खर्चाला त्यांची संमती लागे. त्यातून काटकसर थोडी आणि पत्रव्यवहार फार झाला. एकाच कामावर दोन अभियंते, दोन कचेऱ्या, आणि दोन्हींचा पगार शेवटी एकाच खिशातून.

दोन कलमांचा परिणाम मात्र बराच काळ कोणाच्या ध्यानात आला नाही. पहिले कलम विनिमय दराचे. करारात रुपयाची किंमत एक शिलिंग दहा पेन्स धरली होती, म्हणजे एका पौंडाला साधारण अकरा रुपये. १८७३ नंतर चांदी उतरू लागली आणि तिच्याबरोबर रुपयाही. शतकाच्या शेवटी तो एक शिलिंग चार पेन्सांवर आला, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये. व्याज द्यायचे होते पौंडात. शंभर पौंडांच्या शेअरवरचे पाच पौंड पूर्वी पंचावन्न रुपयांत भागत, ते आता पंचाहत्तर रुपये झाले. रेल्वे तीच, डबे तेच, तिकिटे रुपयांतच विकली जात होती. त्याहून वाईट म्हणजे जादा नफा झाला की नाही हे मोजताना जुनाच दर लावायचा होता. त्यामुळे कागदावर नफा दिसे, त्यातला अर्धा कंपनीला द्यावा लागे. आणि बाजारभावाने पाहिले तर सरकारला हमीचे व्याजसुद्धा त्या मिळकतीतून पुरत नसे.

दुसरे कलम सहामाही हिशेबाचे. १८७० च्या सुमारास सरकारने आणि कंपनीने नवा समझोता केला. सरकारने थकलेल्या व्याजाचा दावा सोडला, १८७४ मध्ये रेल्वे विकत घेण्याचा जो हक्क होता तो पंचवीस वर्षे पुढे ढकलला, आणि बदल्यात दर सहामाहीच्या जादा नफ्यातला अर्धा हिस्सा घेतला. वरवर पाहता व्यवहार बरोबरीचा वाटतो. पण आपल्याकडच्या शेतीचे वर्ष आठवा. कापसाचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. त्या सहामाहीत गाड्या भरून जात आणि जादा नफा होई. तो वाटून घेतला जाई. पावसाळी सहामाहीत गाड्या रिकाम्या. तूट आली की ती एकट्या सरकारने भरायची. वर्षाचा हिशेब एकत्र केला असता तर तुटीत नफा जिरला असता. एका शब्दाचा, वार्षिक की सहामाही एवढाच फरक, आणि त्यापायी तिजोरीला दर साल भोक पडत राहिले.

या गोष्टी आकडे काढून मांडणारी माणसे आपल्याकडे होती, याचा अभिमान वाटतो. पुणे सार्वजनिक सभेचे इंग्रजी त्रैमासिक १८७८ मध्ये निघाले. त्यात गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेवर, शेतीवर, जकातीवर लेख लिहिले. हे जोशी म्हणजे सार्वजनिक काका नव्हेत. ते गणेश वासुदेव. व्यंकटेश जोशी सरकारी शाळेत शिक्षक होते, आणि गोखले त्यांना आकडेशास्त्रातले गुरू मानत. सरकारी अहवालच पुढ्यात घेऊन त्यांनी दाखवले की रेल्वेवरचा हा खर्च एका परीने हिंदी रयतेने विलायती उद्योगांना दिलेले अनुदान आहे. रूळ तिकडचे, इंजिने तिकडची, व्याज तिकडे, वरचे पगारही तिकडच्या माणसांना. दादाभाई नौरोजींनी तर रेल्वेचे व्याज थेट संपत्तीच्या ओघातच मांडले. इंग्लंडात रेल्वे आली तेव्हा तिच्याबरोबर लोखंडाचे कारखाने वाढले. इथे तसे झाले नाही, हा त्यांचा मुद्दा आजही खोडता येत नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रेल्वेमुळे वाहतूक स्वस्त झाली, यात वाद नाही. वऱ्हाडचा कापूस कोरडा आणि वेळेवर मुंबईला येऊ लागला. १८६७ मध्ये नागपूर जोडले गेले. दहा वर्षांनी जमशेटजी टाटांनी आपली एम्प्रेस मिल तिथे काढली ती कापूस, कोळसा आणि रेल्वे जवळ होती म्हणूनच. गावोगावच्या धान्याच्या भावातली तफावत कमी झाली. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमध्ये धान्य आले ते मोठ्या प्रमाणावर रेल्वेने. त्या काळात रेल्वेची मिळकतही वाढली, हा त्यातला कडू भाग.

मग हमी दिली नसती तर? हा प्रश्न टाळता येत नाही. १८६० च्या दशकात सरकारने हमीशिवाय, थोडेसे अनुदान देऊन कंपन्या येतात का हे पाहिले. बंगालमध्ये नलहाटीची एक छोटी रेल्वे अशी झाली. पण तिच्या कंपनीला पुढे अयोध्या-रोहिलखंडाचे काम काढताना भांडवल जमेना आणि अखेर हमी द्यावीच लागली. म्हणजे परक्या मुलखातल्या नव्या धंद्याला सुरुवातीला काही आधार लागतो. माझे म्हणणे एवढेच की, तो आधार किती वर्षे, किती खर्चापर्यंत आणि कोणत्या चलनात, याला मर्यादा घालता आली असती. ९९ वर्षांत त्यातले काहीच घातले गेले नाही. १८६९ मध्ये व्हाइसरॉय लॉरेन्स यांनीच लिहून ठेवले की, सगळा नफा कंपन्यांचा आणि सगळा तोटा सरकारचा, अशी ही व्यवस्था आहे. त्यानंतर सरकारने स्वतः कर्ज काढून रेल्वे बांधायला घेतल्या. पहिल्या सरकारी रेल्वेंपैकी एक आपल्या विदर्भात आहे: खामगावची छोटी शाखा. १८७० मध्ये लॉर्ड मेयो तिच्या उद्घाटनाला आला होता. सरकारला कर्ज पाच टक्क्यांहून स्वस्त मिळत होते, आणि कंपन्यांपेक्षा सरकारी रेल्वे कमी खर्चात झाल्या. पण तेही चिरकाल टिकले नाही. दुष्काळ आणि अफगाण युद्धाने तिजोरी रिती झाली आणि १८८० च्या दशकात कंपन्या पुन्हा आल्या. हमी मात्र कमी टक्क्यांची आणि अटी सरकारला अधिक सोयीच्या.

एकूण रेल्वेतून सरकारी तिजोरीला निव्वळ फायदा व्हायला साधारण १९०० साल उजाडावे लागले. त्याच वर्षी सरकारने जी.आय.पी. विकत घेतली. किंमत ठरली ती आधीच्या तीन वर्षांतल्या शेअरच्या बाजारभावावरून. आणि सरकारी हमीमुळेच तो भाव दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी वर गेलेला होता. ती किंमत एकरकमी न देता वार्षिक हप्त्यांनी द्यायची ठरली. कारभार तरीही लंडनच्या कंपनीकडेच राहिला. अ‍ॅकवर्थ समितीच्या अहवालानंतर, १९२५ मध्ये, तो सरकारने घेतला. आणि ते वार्षिक हप्ते? ते १९४८ पर्यंत चालू होते. १८४९ च्या कराराची ९९ वर्षे भरली तेव्हा देश स्वतंत्र होऊन एक वर्ष झाले होते.

हा सगळा इतिहास १९९० च्या दशकात कोणी उघडून पाहिला असता तर दाभोळच्या वेळी उपयोगी पडला असता. जून १९९२ मध्ये एन्रॉनशी प्राथमिक समझोता झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाशी खरेदीचा करार. भांडवलावर सोळा टक्के परताव्याचे धोरण केंद्राने आधीच जाहीर केले होते. वीज घ्या अगर घेऊ नका, स्थिर आकार भरलाच पाहिजे. हिशेब डॉलरमध्ये. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकार, आणि राज्याने दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी. एवढी वीज राज्याला लागणार नाही आणि स्वस्त कोळशाची वीज बंद ठेवावी लागेल, असे जागतिक बँकेने १९९३ मध्येच कळवले होते. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून पुन्हा केला, तोही दुप्पटीहून मोठ्या प्रकल्पासाठी दार उघडे ठेवून. १९९९ मध्ये वीज सुरू झाली. करार झाला तेव्हा डॉलर एकतीस-बत्तीस रुपयांना होता, २००१ पर्यंत तो शेहेचाळीसच्या पुढे गेला. नाफ्था महागला. मंडळाने वीज कमी घेतली तशी स्थिर आकारामुळे युनिटची किंमत वाढत गेली आणि २००० च्या पावसाळ्यात ती सात रुपयांच्या पुढे पोचली. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली, डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली. प्रकल्प वर्षानुवर्षे बंद पडून राहिला, त्यात आपल्याच बँकांचे पैसे अडकले, आणि २००५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढावी लागली. जोशी मास्तरांचे काम या वेळी पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेने केले. कराराची कलमे एकेक सोडवून त्यांनी तो राज्याला किती महाग पडेल हे १९९५ सालीच लिहिले होते.

त्याच वर्षांत बोरघाटात पुन्हा एक काम निघाले, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे. खासगी कंपनीची निविदा सुमारे ३,६०० कोटी रुपयांची आली. ती सरकारने नाकारली. रस्ते विकास महामंडळाने राज्याच्या हमीवर रोखे विकून पैसा उभा केला, कामाचे भाग पाडून वेगवेगळ्या कंत्राटदारांना दिले, आणि सुमारे १,६३० कोटींत २००२ पर्यंत रस्ता पुरा केला. हमी इथेही सरकारचीच होती, पण रस्ताही सरकारचा होता. मग २००४ मध्ये पंधरा वर्षांच्या टोलवसुलीचा हक्क ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन खासगी कंपनीला दिला. गाड्या कमी आल्या असत्या तर तोटा कंपनीचा होता. त्या जास्त आल्या, आणि फायदा तिचा झाला. त्यावरून झालेला वाद आपण सर्वांनी वाचला आहे. २०२० मध्ये पुढच्या दहा वर्षांसाठी हाच हक्क ८,२६२ कोटींना दिला गेला. रुपयांत, मोठा भाग आगाऊ घेऊन, आणि गाड्यांच्या संख्येची कोणतीही हमी न देता. टोलचे दर मात्र २००४ मध्येच २०३० पर्यंतचे ठरवून ठेवले आहेत: दर तीन वर्षांनी अठरा टक्के वाढ, वाहतूक कितीही होवो.